गाडीचं पोट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. शेजारचे आजोबा गेले. त्यांची १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप त्यांच्या मुलीने मला दिली. गंज जवळजवळ नाहीच. मूळचं २५० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन मात्र धूर सोडतं आणि ऑइल खातं. जंकयार्डमधून नव्या काळातलं व्ही-८ आणून बसवावं असं वाटतं. मित्र म्हणतात ६.२ लिटरचंच घे. बजेट बेताचं आहे. शनिवारी माती-लाकूड आणायचं आणि मुलांना घेऊन फिरायचं, एवढाच वापर. कोणतं घेऊ?

उत्तर : काका म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तुझ्या गाडीच्या वयाच्या पिकअपचे कॅबचे कोपरे हाताने दाबले तरी भुगा पडतो. गंज नसलेली १९७२ ची कॅब तुझ्या दारात आली आहे, तर इंजिन बसवताना तिला उगाच कापू-छेदू नकोस.

६.२ चा विचार सोड. ते महाग मिळतं, आणि तुझ्या कामाला त्याची गरज नाही. तुझं मूळचं इंजिन ११० अश्वशक्तीचं. जनरल मोटर्सचं १९९९ ते २००७ मधलं ५.३ लिटरचं व्ही-८ वर्षानुसार २७० ते २९५ देतं. हे इंजिन सिल्वेराडो, सिएरा, टाहो, सबर्बन या सगळ्यांत होतं, म्हणून जंकयार्डमध्ये त्याची वाण नाही. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. २००५ ते २००७ मध्ये काही पिकअपना अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं ५.३ यायचं. ते साधारण शंभर पाऊंडांनी हलकं असतं. समोर आलं तर घे, पण त्याच्या शोधात महिने घालवू नकोस. बिडाचं दणकट आहे.

आता वर्षाबद्दल. २००७ मध्ये जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पिढ्यांची इंजिनं विकली गेली, म्हणून नुसतं साल पाहून फसशील. नव्या पिढीच्या बहुतेक ५.३ मध्ये हळू चालताना चार सिलिंडर आपोआप बंद होण्याची सोय आहे. त्या चार सिलिंडरांचे लिफ्टर (कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर चालून व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग) वेगळ्या बनावटीचे असतात. ते अडकतात आणि अडकले की कॅमशाफ्ट खातात. माझ्या मोठ्या मुलासाठी मी असंच एक घेतलं होतं. विकणाऱ्याने छातीठोकपणे २००६ चं सांगितलं आणि मी तपासलं नाही. दोन महिन्यांत टकटक सुरू झाली. हेड उतरवून पाहिलं तर सातव्या सिलिंडरचा लिफ्टर बसलेला आणि कॅमच्या त्या उंचवट्यावर चर पडलेली. अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्यानंतर मी कुणाच्या शब्दावर इंजिन घेतलेलं नाही. ओळख सोपी आहे : कॅम सेन्सर इंजिनच्या मागच्या टोकाला, हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या पाठीमागे असेल तर जुनी पिढी. पुढच्या टायमिंग कव्हरवर असेल तर नवी. टॉर्च घेऊन जा.

मुख्य गोष्ट पुढे आहे. नुसतं इंजिन आणू नकोस, त्याचा सगळा संसार आण. म्हणजे त्याच गाडीतला कॉम्प्युटर, वायरिंगचा अख्खा हार्नेस (तारांचा जुडगा), गिअरबॉक्स, एअर फिल्टरच्या नळीतला हवा मोजणारा सेन्सर, एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर. २००३ पासून बहुतेकांना केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे. तसं असेल तर पायातलं पेडल आणि त्याचा छोटा मॉड्यूलही त्याच गाडीतून काढ. यांची जोडी फुटली की पेडल दाबूनही इंजिनचा वेग वाढत नाही. इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून आनंदाने घरी आणतात, आणि मग वायरिंगसाठी इंजिनाच्या दुप्पट पैसे मोजतात, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. हार्नेस कात्रीने कापलेला असेल तर तो सौदा सोड. घरी आणल्यावर कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी सोय बंद करून घ्यावी लागेल. नाहीतर इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडेल आणि तू गाडीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाला दोष देत बसशील.

शक्य असेल तर अपघातात मागून ठोकलेली, पण अजून सुरू होणारी गाडी शोध. सकाळी पहिल्यांदा जा, बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच चालवून आवाज घालवलेला असतो. लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. वडील बांधावर उभे राहून नुसत्या ठोक्यांवरून सांगायचे, आज काहीतरी बिनसलंय. तसं कान देऊन ऐक. थंड असताना मागच्या बाजूने टिकटिक येते आणि गरम झाल्यावर जाते, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटलेला आहे. या इंजिनांत तो हमखास तुटतो. तेवढ्यासाठी नाकारू नकोस, भाव पाड. गरम झाल्यावरही टकटक राहिली तर परत फीर. हेडवर ७०६ हा आकडा आणि ‘कॅस्टेक’ या ओतकाम कंपनीची खूण दोन्ही दिसली तर जास्त सावध हो : त्या ओतकामाच्या काही हेडना आतून चीर जाते, बाहेर थेंब न दिसता कूलंट कमी होत जातं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत मळकट साय दिसते का पाहा.

बसवताना इंजिनखालचं ऑइल पॅन अडेल. ट्रकचं पॅन खोल असतं, तुझ्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या दांडीच्या) खाली लोंबेल आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला फुटेल. कॅमॅरोसाठीचं उथळ पॅन किंवा अशा बदलासाठी बनवलेलं पॅन घे. इंजिन माउंटच्या प्लेटा तयार मिळतात. गिअरबॉक्स बदलल्याने मागची चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. ती मोजून कापून घ्यायची.

सगळ्यात जास्त काळजी मला तुझ्या पेट्रोलच्या टाकीची वाटते. तुझ्या गाडीत ती सीटच्या पाठीमागे, कॅबच्या आत आहे. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय (चौरस इंचाला पाऊंड) दाब पुरायचा, या इंजिनाला ५८ लागतो. मुलं ज्या सीटवर बसणार तिच्या पाठीला पन्नास वर्षांची टाकी आणि एवढ्या दाबाची लाइन मला मान्य नाही. टाकी मागे, बेडच्या खाली, चेसिसच्या दोन दांड्यांच्या मधे ने आणि आतच पंप असलेली घे. ६.२ च्या मोहातून वाचतील ते पैसे इथे घाल. पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून कंपनीचेच आहेत, पण होज आणि मास्टर सिलिंडर नवे टाक. खांद्यावरून येणारे पट्टे नसतील तर इंजिन सुरू होण्याआधी बसव.

प्रश्न : आमचीही सी-१० आहे, कॅलिफोर्नियातच, पण १९७८ ची. वरच्यासारखंच करता येईल का?

उत्तर : इंजिन तेच घ्या, पण तुमचं काम वेगळं आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉगची, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची, तपासणी नाही. तुमच्या गाडीला आहे. इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ज्या गाडीतून आलं तिची प्रदूषणाची सगळी सामग्री सोबत हवी : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर, कॉम्प्युटर वाचायचं सॉकेट. नंतर सरकारी रेफ्रीकडे, म्हणजे असे बदल तपासणाऱ्या तपासनिसाकडे, गाडी दाखवावी लागते. म्हणून तुम्ही सुटे भाग गोळा करू नका, अख्खी ठोकलेली टाहो विकत घ्या आणि घरी उतरवा. रेफ्रीकडे जाण्याआधी किल्ली फिरवून बघा : चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवाच जोडला नसेल तर ते तिथूनच परत पाठवतील.