केळीचे कुल की केळीचे कूळ?

एका भाषांतरातले वाक्य विचारणीला आले आहे: 'रायबोसोमल डीएनएच्या क्रमवारीवरून केळ्याच्या कुटुंबाची उत्क्रांती उलगडते.' इथे 'कुटुंब' चालेल का, नसेल तर 'कुल' लिहावे की 'कूळ'?

आधी किरकोळ दुरुस्त्या. झाड ती केळ, फळ ते केळे. नाते झाडांचे शोधायचे आहे, म्हणून 'केळीच्या'. 'क्रमवारी' म्हटले की पहिला-दुसरा नंबर डोळ्यांपुढे येतो. डीएनएत नंबर लावायचे नसतात, चार अक्षरे एकापुढे एक कशी बसली आहेत ते वाचायचे असते. त्याला नुसता 'क्रम' पुरतो.

'कुटुंब' मात्र काढाच. एका चुलीवर जेवणारी ती माणसे. आणि जुन्या बोलीत 'आमचं कुटुंब' म्हणजे थेट बायको.

उरले कुल आणि कूळ. शब्द मुळात एकच. 'कुल' संस्कृतातून जसाच्या तसा आला, म्हणून त्यातला उकार ऱ्हस्व. 'कूळ' हे मराठीत घडलेले रूप, म्हणून अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ. विभक्ती लागली की पुन्हा ऱ्हस्व, 'कुळाचा'. अर्थ मात्र आता फुटले आहेत. 'कुल' हा वर्गीकरणातला एक कप्पा: गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड. (हिंदीच्या प्रभावाने वर्तमानपत्रांत 'जाती'च्या जागी 'प्रजाती' येते, त्याने फार घोटाळा होतो. केळीचे कुल म्युसेसी, त्यात प्रजाती तीनच, म्युसा, एन्सेट आणि मुसेला. जाती ७०हून अधिक.) 'कूळ' म्हणजे वंशाचा माग. जमीन कसणारे कूळ वेगळे, ते इथे कोणी मनात आणणार नाही अशी आशा.

हा फरक मी ताणून सांगतोय असे वाटेल, पण केळीच्या बाबतीत तो खरोखर लागू पडतो. हेलिकोनिया आणि स्ट्रेलित्झिया या फुलझाडांच्या प्रजाती एकेकाळी केळीच्याच कुलात होत्या, पुढे त्यांना वेगळी कुले मिळाली. म्युसा प्रजातीचे वनस्पतिशास्त्रज्ञ चीझमनने १९४७मध्ये चार विभाग पाडले, ते बाह्यरूप आणि गुणसूत्रांची संख्या पाहून; काहींत मूळ संख्या ११, काहींत १०. पाचवा विभाग १९७६मध्ये आला. डीएनएचे क्रम वाचल्यावर मात्र मोठ्या शाखा दोनच दिसू लागल्या, ११वाल्यांची एक आणि उरलेल्यांची दुसरी. २०१३मध्ये केळींचा अभ्यासक हाक्किनेनने पाचाचे दोनच विभाग केले. कप्पे आधी लावले होते, कूळ नंतर कळले.

रायबोसोमल डीएनएच का? रायबोसोम म्हणजे प्रथिने बनवणारे कण; ते प्रत्येक पेशीला लागतात, त्यामुळे त्यांची जनुके फारशी बदलत नाहीत. दूरच्या नातलगांतही ती सारखीच निघतात. पण त्या जनुकांच्या मध्ये छोटे तुकडे असतात. जनुकांबरोबर त्यांचीही आरएनए नक्कल होते आणि मग ते कापून टाकले जातात. टाकाऊ म्हणून त्यांच्यात बदल लवकर साचतात, आणि जवळच्या जातींमधले अंतर तिथेच मोजता येते. या तुकड्यांना कोणी 'आंतरलेखित अवकाशक' म्हणतात. वाचताना जीभ अडखळते. मी 'मधले तुकडे' लिहीन आणि पहिल्यांदा येतील तिथे आयटीएस (इंटर्नल ट्रान्स्क्राइब्ड स्पेसर) हे नाव देईन.

या जनुकांच्या प्रती पेशीत शेकड्यांनी असतात आणि कालांतराने एकमेकींसारख्या होत जातात. त्यामुळे संकरात एका पालकाची खूण पुसली जाण्याची भीती असते. खाण्याच्या बऱ्याच केळी म्युसा अक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना यांच्या संकरातून आलेल्या, आणि शास्त्रज्ञ त्यांचे जनुकसंच 'ए' आणि 'बी' अक्षरांनी दाखवतात. ह्रिबोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये मधले तुकडे तपासले, तेव्हा संकरित केळींत दोन्ही पालकांचे तुकडे शेजारी शेजारी टिकलेले आढळले.

'कूळ' हा शब्द इथे थोडा अपुरा पडतो, कारण आपण कूळ धरतो ते बापाकडून. केळीत हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांचा, डीएनए आईकडून येतो, तो फक्त आजोळ सांगतो. तंतुकणिकेचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा) डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडूनच येतो, केळीत मात्र बापाकडून. केंद्रकातला रायबोसोमल डीएनए दोन्ही घरांचा.

तेव्हा कप्प्याचे नाव घ्यायचे तिथे 'कुल', नात्याचा माग काढायचा तिथे 'कूळ'. तुमच्या वाक्यात उत्क्रांती संपूर्ण म्युसेसीची आहे, म्हणून: 'रायबोसोमल डीएनएच्या क्रमावरून केळीच्या कुलाची उत्क्रांती उलगडते.' पुढच्या परिच्छेदात एखाद्या संकरित वाणाचे आईबाप शोधत असाल, तर तिथे 'या केळीचे कूळ' बिनदिक्कत लिहा.