खरा हिरो कोणाला म्हणावे?

आपण विचारले आहे की, नववीतल्या मुलाला ‘माझा हिरो’ या विषयावर निबंध लिहायचा आहे, आणि जीव धोक्यात घालणारा खरा हिरो की जिंकून दाखवणारा, या त्याच्या प्रश्नावर आपल्याला उत्तर सुचले नाही. माझ्या मते या दोन्हींपेक्षा महत्त्वाची कसोटी पुढची आहे. प्रसंग ओसरतो, बघ्यांची गर्दी पांगते, आणि केल्या कृत्याची किंमत रोज थोडी थोडी चुकती करण्याची वेळ येते. त्या दुसऱ्या दिवशी जो माणूस मुकाट्याने पुन्हा त्याच जागी उभा राहतो, त्याला मी हिरो म्हणेन.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे हा शब्द कौतुकापेक्षा टोमण्यातच अधिक ऐकू येतो. गर्दीच्या रस्त्यात मोटारसायकल पिळणाऱ्या पोराला कोणीतरी हटकतेच, “लई हिरो झालास व्हय रं?” ज्यांनी खरोखर काही केले, त्यांच्यासाठी हा शब्द वापरलेला मी क्वचितच ऐकला आहे.

शौर्याची आपली जुनी कल्पना पाहायची असेल तर करवीर तालुक्यातल्या बीड गावी जावे. तेथे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, मोठ्या संख्येने आहेत. वीरगळावर खालच्या चौकटीत लढणारा किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो. कधी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावचे गोधन पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि शेवटी चंद्र-सूर्य. बहुतेक दगडांवर नाव नाही. हे शिल्प मला फार आवडते; परंतु त्याचा एक परिणाम आपल्या मनावर झाला आहे, असे मला वाटते. दगडात एकच क्षण कोरता येतो, आणि त्या क्षणानंतर वीराला जगायचे नसते. त्यामुळे जगून, निभावून, कंटाळा येईपर्यंत तेच काम करत राहण्यात शौर्य असते, हे आपल्या लक्षातच येत नाही.

शाहू महाराज आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक आहे. कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतंत्र धंद्यासाठी पैसे दिले, त्यातून भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे हॉटेल उभे राहिले. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. आता ही गोष्ट सांगताना आपण महाराजांच्या गाडीपाशी थांबतो, आणि ते योग्यही आहे, कारण ज्या राजाने १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याने तो हुकूम स्वतःच्या ओठांपर्यंत आणून दाखवला. मी मात्र नेहमी गाडी निघून गेल्यानंतरच्या वेळेचा विचार करतो. महाराज काही दिवसभर तेथे बसून राहणार नव्हते. भट्टी पेटवायची, कपबशा विसळून मांडून ठेवायच्या, समोरून माणसे नाक मुरडत जाताना पाहायची, आणि हे सारे पाठीवर मार बसलेल्या त्याच गावात करायचे. गाव सोडून जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, आणि त्यांनी तो धरला असता तर कोणी नावही ठेवले नसते. पुढे १९२२ मध्ये महाराज गेले, त्यानंतर नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेतला.

खाशाबा जाधवांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्यावर आपल्या मुलाच्या वर्गातली निम्मी मुले लिहितील. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सर्वांना आठवते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून ते घर सोडवायला हातभार लावला, हे मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. जगात तिसरा आलेला मल्ल उधारी फेडण्यासाठी पुन्हा लंगोट कसतो, यात मिरवण्यासारखे काही नव्हते.

आता माझ्या स्वतःच्या लाजेची गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आमच्या गल्लीत पुरुषभर पाणी होते. बोटी आल्या, पोहणारी पोरे आली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले गेले, आणि त्या पोरांचे फोटो पुढे कित्येक दिवस मोबाइलवर फिरत राहिले. ते त्यांचे हक्काचे कौतुक होते, त्यातला एक कणही मला कमी करायचा नाही.

पाणी उतरल्यावर घरात वीतभर चिखल, भिजून फुगलेले धान्य आणि कुजका वास उरला. लाइट नव्हती, म्हणून मोटर नव्हती, म्हणून चिखल धुवायला पाणी नव्हते. अशा वेळी एक तरुण वायरमन गल्लीत आला. त्याने डीपीवरचे फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवले आणि एकेका घरात जाऊन मीटर, मेन स्विच, बोर्ड उघडून पाहू लागला. मेगर, म्हणजे वायरिंगमधून करंट गळतो का ते तपासायचे यंत्र, लावायचा, आकडा पाहायचा, मान हलवायची आणि पुढच्या घरी जायचे. पलीकडच्या गल्लीत लाइट आली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आमचा संयम सुटला. पंधरा-वीस जणांनी त्याला घेरले. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता, आणि “पैसे खायला थांबलायस काय?” हे वाक्यही माझेच होते.

त्याने माझ्या घरचा बोर्ड उघडून माझ्यासमोर धरला. आतून गढूळ पाण्याची धार लागली. “काका, भिंत अजून ओली हाय. फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरला आणि घरातल्या कुणी ओल्या फरशीवरनं हात लावला, तर काय करायचं? मी लाइट सोडत न्हाई. तक्रार कुठं करायची ती करा.” एवढे बोलून तो शेजारच्या घरात गेला.

तक्रार मी केली. फोनवर, त्याच संध्याकाळी, त्याचे नाव विचारून घेऊन.

तिसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी पुन्हा आला. आदल्या दिवशी ज्यांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या त्यांच्याही दारात चिखल तुडवत गेला, ज्यांचे वायरिंग कोरडे झाले होते त्यांची लाइन सोडली आणि ज्यांचे झाले नव्हते त्यांना तसेच अंधारात ठेवले. माझे घर दुसऱ्या गटात होते. आपला मुलगा विचारेल की यात धाडस कोणते, वाहत्या पाण्यात उडी तर त्याने मारली नाही. मला वाटते, भिजलेल्या, उपाशी आणि चिडलेल्या माणसांच्या घोळक्यात “नाही” म्हणणे आणि ते नाही दुसऱ्या दिवशीही टिकवणे, हे पाण्यापेक्षा सोपे नसावे. शिवाय उडी मारणाऱ्याला लोक टाळ्या देतात. अपघात होऊ न देणाऱ्याला काय देणार, झालेच नाही ते दिसणार कसे?

माझ्या घरची लाइट पाचव्या दिवशी आली. मी चहा घ्यायला बोलावले, तेव्हा त्याने फक्त हातातल्या कागदावर सही मागितली आणि मीटरचे रीडिंग टिपून घेतले. तक्रार कोणी केली, हे त्याला ठाऊक होते की नव्हते, ते मी विचारले नाही. सही करताना मात्र मी माझे पूर्ण नाव लिहिले.