मेक्सिकोचा किनारा आणि 2014 सालचं गाइडबुक

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही चौघं मेक्सिकोच्या समुद्रकिनारी दहा दिवस जायचं म्हणतोय. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मैत्रिणीने तिचं 2014 मध्ये छापलेलं जाडजूड गाइडबुक दिलंय. नवरा म्हणतो, रद्दीत टाक, सगळं फोनवर मिळतं. मी मात्र त्यात चिठ्ठ्या लावून एकवीस किनारे निवडलेत आणि आता पुढे काही सुचत नाही. पुस्तक ठेवू की टाकू?
– चिठ्ठ्या संपलेली वाचक

उत्तर : पुस्तक ठेवा, चिठ्ठ्या काढा.

आधी 2014 चा अर्थ समजून घ्या. लेखक फिरून येतो, मग संपादन, नकाशे, छपाई. यात वर्ष सहज जातं. म्हणजे तुमच्या हातातली माहिती 2013 ची किंवा त्याआधीची आहे. आता त्यातलं काय शिळं होतं आणि काय होत नाही, एवढंच बघायचं. हॉटेलचं भाडं, बसची वेळ, 'इथे अजून फारसं कोणी येत नाही' असली वाक्यं, यांवर काट मारा. तुलुमबद्दल तसं काही लिहिलं असेल तर हसून पान उलटा. डिसेंबर 2023 पासून त्या गावाला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. पण किनारा पूर्वेला तोंड करून आहे की पश्चिमेला, समोर प्रवाळाची भिंत आहे की उघडा समुद्र, खाली उतरायला पायऱ्या किती, हे दहा वर्षांत बदलत नाही. आणि नेमकं हेच फोनवरच्या फोटोंत दिसत नाही. माझ्या स्वतःच्या पुस्तकांत प्रत्येक किनाऱ्याच्या नावापुढे पेन्सिलीने 'पू', 'प', 'उ' एवढंच लिहिलेलं असतं. बाकी वर्णनं सगळीकडे सारखीच: पांढरी वाळू, निळंशार पाणी.

मेक्सिकोत तर दिशेवर सगळी सुट्टी ठरते, त्यातून तुम्ही मे महिन्यात जाताय. कॅरिबियन बाजूला, म्हणजे कान्कून, प्लाया देल कार्मेन, तुलुम या पट्ट्यात, सार्गासो नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाहत येतं. अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे 2011 पासून दिसायला लागले आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ते मोठ्या प्रमाणात 2014-15 नंतर थडकू लागलं. म्हणजे तुमच्या पुस्तकाच्या लेखकाने ते बहुधा पाहिलेलंच नाही! एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा भर. ताजं असताना नुसतं पायात येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मेक्सिकन नौदल समुद्रात अडथळे टाकून ते अडवतं, हॉटेलवाले पहाटे ट्रॅक्टर लावून उचलतात, तरी काही दिवस हरतातच. मार सगळा पूर्वेकडच्या उघड्या किनाऱ्यांना बसतो. इस्ला मुहेरेस बेटाचं उत्तर टोक आणि कोसुमेल बेटाची पश्चिम बाजू बऱ्याच अंशी वाचते. तेव्हा एकवीसपैकी ज्यांच्यापुढे 'पू' येईल त्या चिठ्ठ्या मे महिन्यापुरत्या बाद.

आता पॅसिफिक बाजू. तिथे सार्गासोचा त्रास नाही, पण पाणी वेगळ्या स्वभावाचं. पुएर्तो एस्कोंदिदोची सिकातेला ही लाटांवर स्वार होणाऱ्यांची जगप्रसिद्ध जागा. पोहायला तिथे उतरायचं नाही म्हणजे नाही. त्याच गावातली कारिसालिय्यो ही छोटी खाडी शांत, मुलीला फार आवडेल. फक्त खाली जायला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत. गाइडबुकात हा उल्लेख परिच्छेदाच्या शेवटी अर्ध्या वाक्यात येतो आणि सासूबाईंच्या दृष्टीने सगळं त्या अर्ध्या वाक्यात आहे. अशी अर्धी वाक्यं शोधत वाचा. ओआहाका शहरातून या किनाऱ्याला यायला पुस्तक घाटरस्त्याचे सहा-सात तास सांगेल. फेब्रुवारी 2024 मध्ये नवा महामार्ग सुरू झाला आणि ते अंतर साधारण तीन तासांवर आलं. अकापुल्कोची पानं मात्र सरळ वगळा. ऑक्टोबर 2023 मध्ये 'ओटिस' चक्रीवादळाने ते शहर मोडलं, आणि गुन्हेगारीची तक्रार त्याच्या आधीपासूनची आहे.

तुमच्या चौघांसाठी मी काय केलं असतं ते सांगते. दहा दिवस म्हणजे नऊ रात्री. त्यातल्या सहा इस्ला मुहेरेसला. कान्कूनच्या पुएर्तो हुआरेस धक्क्यावरून फेरीने वीसेक मिनिटं. बेट जेमतेम सात किलोमीटर लांब आणि उत्तरेच्या प्लाया नोर्तेवर पाणी कमरेएवढं, लाट जवळजवळ नाहीच. सासूबाई काठाशी पाण्यात बसून राहू शकतील. राहायची जागा उत्तर टोकाच्या गावातच घ्या, म्हणजे किनारा चालत. बाकीचं बेट बघायला गोल्फ कार्ट भाड्याने मिळते. मुलगी कंटाळली तर व्हेल शार्क बघायच्या बोटी मेच्या मध्यापासून सुटायला लागतात. तुमच्या तारखा त्यानंतरच्या ठेवता आल्या तर बघा. जूनमध्ये मात्र ढकलू नका, 1 जूनपासून अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम धरतात.

उरलेल्या तीन रात्री वायादोलिदला. समुद्र नाही, म्हणून पुस्तकाच्या किनाऱ्यांच्या प्रकरणात हे गाव सापडणार नाही. पण चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष, तिथून पाऊण तासावर आहे आणि गावाच्या मध्यातच एक सेनोते, म्हणजे चुनखडी खचून तयार झालेली गोड्या पाण्याची विहीर आहे. मेच्या उकाड्यात तिची किंमत कळते. सेनोतेत उतरण्यापूर्वी अंघोळ करायला लावतात आणि बऱ्याच ठिकाणी अंगाला क्रीम लावून उतरू देत नाहीत, त्यावर वाद घालू नका. चिचेन इत्साला सकाळी आठला, दार उघडताना पोचा. मोठ्या पिरॅमिडवर चढणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. जुन्या पुस्तकातला वर चढलेल्या माणसांचा फोटो मुलीला दाखवून आशा लावू नका.

एक गोष्ट तुमचं पुस्तक हमखास चुकीची सांगेल. कान्कून ज्या राज्यात आहे त्या किंताना रोने 1 फेब्रुवारी 2015 पासून घड्याळ बदललं. चिचेन इत्सा आणि वायादोलिद शेजारच्या युकातान राज्यात आहेत आणि तिथे एक तास मागे आहे. जाताना तास मिळतो, परतताना जातो. परतीचं विमान असलेल्या दिवशी हे विसरलात तर विमानतळावर फक्त मोकळा काउंटर भेटेल. शेवटची रात्र कान्कूनला काढायची असेल तर सहातली एक तिकडे वळवा.

नवऱ्याला सांगा, त्यांचा फोनही लागणारच आहे: भाडी, बसच्या वेळा आणि सार्गासोचे रोजचे नकाशे त्यांनी बघावेत. व्हिसाचंही त्यांच्याकडे द्या. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिको वेगळा मागत नाही. तरी निघण्यापूर्वी दूतावासाच्या पानावर नियम पुन्हा वाचावा.

प्रश्न : गाइडबुक म्हणतं की मेक्सिकोत सगळे किनारे सार्वजनिक आहेत. मग हॉटेलं 'खासगी किनारा' अशी जाहिरात कशी करतात?
– एक शंकेखोर

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. भरतीच्या रेषेपासून वीस मीटरचा पट्टा संघराज्याचा, आणि 2020 पासून वाट अडवणाऱ्याला दंडही आहे. पण वाळू सार्वजनिक असली तरी तिच्यापर्यंतची जमीन हॉटेलची असते, अडचण तिथे आहे. खुर्ची, छत्री, टॉवेल हे हॉटेलचंच. तुम्ही स्वतःची चटई अंथरून बसलात तर कोणी उठवायला नको. म्हणून गाइडबुकाच्या नकाशावर सार्वजनिक वाट कुठून आहे ते आधी शोधा. कान्कूनमध्ये प्लाया देल्फिनेससमोर हॉटेलच नाहीत, सरळ रस्त्यावरून उतरता येतं. लाट मात्र जोरदार असते. झेंडा लाल असेल तर फोटो काढा आणि परत या.

प्रश्न : किमती डॉलरमध्ये लिहिलेल्या असतात का? पुस्तकातल्या आकड्यांवरून बजेट धरू का?
– हिशेबी

उत्तर : मेन्यूवर डॉलरचं चिन्ह दिसलं तरी घाबरू नका, पेसोलाही तेच चिन्ह आहे. अगदी पर्यटकी जागी मात्र 'हे पेसोच ना' असं विचारून घ्या. जुन्या पुस्तकातले आकडे बजेटसाठी निरुपयोगी. 2014 मध्ये एका डॉलरला तेरा पेसो मिळत, अलीकडे दर सतरा ते वीसच्या आसपास हलतो, आणि महागाई वेगळीच. दोन हॉटेलांत महाग कोणतं, एवढं कळायला ते चालतील. कार्डाचं मशीन 'तुमच्या चलनात घेऊ का' असं विचारेल तेव्हा पेसोच दाबा, नाहीतर दरातला फरक तुमच्या खिशातून जातो. टिप दहा ते पंधरा टक्के.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?
– चिंतातुर

उत्तर : उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला निर्धोक, तिच्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. तिला 'मान्तेका' म्हणतात, तेव्हा 'मान्तेका आहे का' हा प्रश्न पाठच करा. भातही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. केसादिया, म्हणजे चीज घातलेली मक्याची पोळी, ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, आणि नोपाल नावाच्या निवडुंगाची भाजी यांवर दिवस निघतात. गाइडबुकाच्या शेवटी खाण्याच्या शब्दांची दोन पानं असतात, तेवढी फाडून खिशात ठेवा. पुस्तक मैत्रिणीचं असेल तर फोटो काढा.