अपयशाचे लेख वाचताना

प्रश्न : राज्यसेवा परीक्षेत चार वेळा प्रयत्न करूनही माझी निवड झाली नाही. धीर मिळावा म्हणून मी अपयशावरचे आत्मपर लेख वाचते. पण त्यांतला प्रत्येक लेखक अखेर यशस्वी झालेला असतो आणि वाचून झाल्यावर मला अधिकच मागे पडल्यासारखे वाटते. असे लेख वाचावेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला जे खुपले, ते त्या लेखांतले खरोखरीचे उणे आहे. ज्याचे पुढे चांगले झाले त्यालाच बहुधा लिहायला बोलावले जाते, आणि मग तो आपले अपयश यशाची पहिली पायरी म्हणून मांडतो. अशा लेखात अपयशाला चार ओळी मिळतात आणि उरलेली पाने यशाला. ते आपण खुशाल बाजूला ठेवावेत.

मात्र काही लेखक त्या प्रसंगापाशी थांबतात. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली, तिच्यातले पहिल्या खटल्याचे छोटेसे प्रकरण आपण अवश्य वाचावे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला हा तरुण मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात प्रतिवादीतर्फे उलटतपासणीसाठी उभा राहिला, तेव्हा त्याचे डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना, आणि तो खाली बसला. दुसरा वकील करा, माझी तीस रुपये फी परत घ्या, असे सांगून तो कोर्टातून निघून गेला. आपली अशील जिंकली की हरली, हेही त्याला कळले नाही. पुढे पंचाहत्तर रुपये पगाराची इंग्रजी शिक्षकाची नोकरी त्याने मागितली, तर तो पदवीधर नाही म्हणून तीही नाकारली गेली. लिहिताना ते जगप्रसिद्ध झालेले होते, तरी त्या दिवसाची लाज त्यांनी नंतरच्या कीर्तीने झाकली नाही. मला हे प्रकरण फार मोलाचे वाटते, कारण भर कोर्टात काही न सुचलेल्या त्या तरुणाला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. आज आपणही तिथेच उभ्या आहात.

आत्मपर निबंधाचा पाया घालणाऱ्या माँतेन या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखनाला जे नाव दिले, त्याचा अर्थच ‘प्रयत्न’ असा होतो. स्वतःची दुबळी स्मरणशक्ती आणि बदलती मते त्याने कोणतीही सारवासारव न करता लिहिली. अभ्यासिकेत आपण ज्याला ‘अटेम्प्ट’ म्हणता, त्या शब्दाला निकालाखेरीज हाही एक अर्थ आहे.

तेव्हा एका बैठकीत एकच लेख वाचावा, आणि निकालाच्या आठवड्यात तर एकही वाचू नये. गांधीजींचे ते प्रकरण वाचाल, त्या दिवशी पुस्तक तिथेच मिटावे. आफ्रिकेची पाने दुसऱ्या दिवशी वाचता येतील.