मशेरी सोडली आणि पोट बिघडलं

प्रश्न : माझं वय 48. दाढ दुखायची म्हणून लग्नाआधी आजीने मशेरी दिली, तेव्हापासून दिवसातून चार-पाचदा लावते. हिरडीवर पांढरा डाग दिसला म्हणून गेल्या शुक्रवारी बंद केली. तेव्हापासून डोकं दुखतं, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही आणि घरात सगळ्यांवर खेकसते. जाऊबाई म्हणतात, ‘इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की अंगाला बाधते, सकाळी एक बोट तरी लाव.’ लावू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, एक बोटसुद्धा लावू नका. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं. साधारण दोन तासांत ते निम्म्यावर येतं, म्हणून तर दिवसातून इतक्यांदा डबीकडे हात जातो. तुम्हाला होतोय तो त्रास मशेरी सोडल्याचा नाही, इतकी वर्षं ती लावल्याचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त असतो, म्हणजे अवघड दिवस तुम्ही काढलेत. आज बोट लावलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून काढावे लागतील. चिडचिड, झोपमोड बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरते. भूक मात्र जास्त दिवस वाढलेली राहते.

पोटाचं म्हणाल, तर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका याच एका कारणासाठी परत डबी उघडतात. निकोटिन आतड्यांना ढकलतं, आणि वर्षानुवर्षं ते मिळालं की आतडी त्याचीच वाट बघतात. त्यांना थोडा वेळ द्या. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, रात्री इसबगोल. आणि घाई नसताना रोज ठरावीक वेळी जाऊन बसा.

तल्लफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ चूळ भरा, बडीशेप चघळा, अंगणात फेरी मारा. मशेरीऐवजी बाजारातलं कुठलंही लाल मंजन आणू नका. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी असली, तरी सुट्या मंजनाचा मला भरवसा नाही. अगदीच असह्य झालं तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगगम घ्या. तो सारखा चावायचा नसतो. तोंडात चुणचुण झाली की गालात धरून ठेवायचा, ती थांबली की पुन्हा चावायचा. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा नको. मन फारच खचलं, रडू आवरेना, तर एकटीने सोसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर समुपदेशकांशी मोफत बोलताही येतं.

दाढेचं दुखणं आता पुन्हा डोकं वर काढेल, कारण मशेरीने ते बरं झालं नव्हतं, नुसतं बधिर झालं होतं. दाढ दाखवायला जाल तेव्हा तो पांढरा डागही दाखवा. तंबाखू सुटल्यावर असे काही डाग विरतात. पण तो विरला नाही, जाड झाला किंवा त्यावर जखम दिसली, आणि डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. जाऊबाईंनाही सोबत न्या, त्यांचंही तोंड एकदा बघून घेऊ दे.