अशिलाची बाजू आणि स्वतःची खुर्ची

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहा वर्षांची वकिली बाजूला ठेवून निवडणुकीला उभे राहावे की नाही, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यातच द्यावे, असे तू बजावले आहेस. तसे उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून एका वकिलाची हकीगत लिहितो. माणूस नायजेरियाचा आहे. इथला कोणी घेतला असता, तर पहिल्याच परिच्छेदात त्याचा पक्ष ओळखून तू पुढचे वाचणे सोडले असतेस.

रोटिमी अकेरेडोलू यांचा जन्म १९५६ साली ओंडो राज्यातल्या ओवो येथे झाला. इफे विद्यापीठातून १९७७ मध्ये कायद्याची पदवी, पुढच्या वर्षी सनद, मग इबादान शहरात वकिली आणि १९९८ मध्ये ‘सीनियर ॲडव्होकेट ऑफ नायजेरिया’ हा मान, अशी त्यांची चढण होती. या मानाला तिथे नुसते ‘सॅन’ म्हणतात. आपल्याकडच्या वरिष्ठ वकिलाचा गाऊन आणि तो, दोन्ही एकाच इंग्रजी परंपरेतून आलेले. १९९७ ते १९९९ या काळात ते ओंडोचे ॲटर्नी जनरल होते, म्हणजे लष्करी राजवटीत. ते पद त्यांनी का स्वीकारले असेल, हे मला आजही नीट उलगडत नाही. पण ते प्रकरण इथे उकरत नाही.

२००८ मध्ये ते नायजेरियन बार असोसिएशनचे अध्यक्ष झाले. नोव्हेंबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष उमारू यार'अदुआ उपचारांसाठी सौदी अरेबियात गेले आणि जाताना कारभार उपराष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्याकडे सोपवल्याचे रीतसर पत्र त्यांनी संसदेला दिले नाही. आठवड्यांमागून आठवडे देशाला राष्ट्राध्यक्ष होते आणि नव्हतेही. तेव्हा अधिकार सोपवले गेले पाहिजेत, ही मागणी घेऊन अकेरेडोलूंच्या अध्यक्षतेखाली बार असोसिएशन न्यायालयात गेली. शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये संसदेनेच जोनाथन यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष केले, आणि त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन अशा पत्रासाठी एकवीस दिवसांची मुदत ठरली. हा प्रसंग ध्यानात ठेव; त्याच्याकडे परत यायचे आहे.

राजकारणात त्यांचा पहिला डाव फसला. २०१२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत (तिथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभार पाहणारा असतो) ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. चार वर्षांनी ते निवडून आले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी पदभार घेतला. न्यायालयातल्या नावलौकिकाला मतपेटीत भाव मिळेल असे तू गृहीत धरले आहेस, म्हणून हे मुद्दाम सांगितले. शिवाय २०१६ आणि २०२०, दोन्ही वेळा त्यांच्यासमोरचे प्रमुख प्रतिस्पर्धी एयितायो जेगेडे हेही सॅनच होते.

दुसऱ्या विजयाला जेगेडेंनी आव्हान दिले. त्यांचा मुद्दा धारदार होता: अकेरेडोलूंची उमेदवारी ज्यांच्या सहीने गेली ते पक्षाचे हंगामी अध्यक्ष माई माला बुनी हे स्वतः योबे राज्याचे गव्हर्नर होते, आणि गव्हर्नराला दुसरे कार्यकारी पद घेण्यास राज्यघटनेची मनाई आहे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ही याचिका फेटाळली, कारण खुद्द बुनींना प्रतिवादी केलेलेच नव्हते. आपल्या वाटपाच्या दाव्यात एका बहिणीला पक्षकार करायचे राहून गेले होते आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाने उठून तेवढे एकच वाक्य म्हटले होते, तो दिवस तुला आठवत असेल. तिकडे तेवढ्याच चुकीवर एका राज्याची सत्ता टिकली.

त्यांच्या कारकिर्दीतले मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते ‘अमोटेकुन’. नायजेरियात पोलीस केंद्राचे असतात. गव्हर्नराला राज्याचा मुख्य सुरक्षा अधिकारी म्हणण्याची पद्धत आहे, पण पोलीस आयुक्त हुकूम देशाच्या राजधानीचा, अबुजाचा मानतो. अपहरणांनी लोक हैराण झाले होते, तेव्हा नैर्ऋत्येच्या सहा राज्यांनी जानेवारी २०२० मध्ये इबादानला गाड्यांच्या रांगा उभ्या करून ‘बिबट्या’ अशा अर्थाचे नाव असलेले हे संयुक्त सुरक्षा दल जाहीर केले. त्या गव्हर्नरांचे अध्यक्ष अकेरेडोलू होते. आठवडाही उलटला नव्हता, तोच केंद्राच्या ॲटर्नी जनरलनी दल बेकायदा असल्याचे सांगून टाकले. अकेरेडोलूंनी आवाज चढवला खरा, पण काम केले वकिलाचे: उपराष्ट्राध्यक्ष ओसिनबाजो (तेही सॅन) यांच्यासह बैठक झाली, प्रत्येक राज्याने स्वतंत्र विधेयक आणायचे ठरले आणि मार्चच्या सुरुवातीला ओंडोच्या कायद्यावर त्यांची सही झाली. दोन महिन्यांत वाद मिटला. तरीही माझा आक्षेप राहतोच. गाड्या आधी आणि कायदा मागाहून, हा क्रम एखाद्या नवख्याकडून चालला असता. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाकडून नव्हे.

जून २०२२ मध्ये त्यांच्याच गावी, ओवोच्या चर्चमध्ये, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी हल्ला होऊन किमान चाळीस माणसे मारली गेली. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

आता मघाच्या प्रसंगाकडे येतो. जून २०२३ मध्ये अकेरेडोलू स्वतः उपचारांसाठी जर्मनीला गेले. जाताना त्यांनी उपगव्हर्नर लकी आयेदातीवा यांच्याकडे रीतसर कारभार दिला, तिथवर सारे चोख होते. सप्टेंबरमध्ये ते परतले, कागदोपत्री कामावर रुजू झाले. मात्र ओंडोची राजधानी अकुरेला न जाता दुसऱ्याच राज्यात, ओयोतल्या इबादानच्या घरी राहिले. इकडे विधानसभेत उपगव्हर्नरांवर महाभियोगाची प्रक्रिया सुरू झाली, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांना मध्यस्थी करावी लागली. १३ डिसेंबरला अकेरेडोलूंनी पुन्हा उपगव्हर्नरांकडे अधिकार सोपवले. २७ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

आजारी माणसाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. मात्र यार'अदुआंच्या वेळी मांडलेला युक्तिवाद लोक विसरले नव्हते, आणि टीकाकारांना नवा शोधावाही लागला नाही. अशिलासाठी आपण जे बोलतो ते निकालाबरोबर दप्तरात जाते. सार्वजनिक भूमिकेचे तसे होत नाही. तू गेल्या वर्षी नगराध्यक्षांच्या प्रदीर्घ रजेवर केलेले भाषण मला आवडले होते, म्हणून हे लिहितो आहे.

पुढच्या शनिवारी येशील तेव्हा त्यांच्या राज्यघटनेचे कलम १९०, म्हणजे गव्हर्नराने कारभार सोपवण्याबद्दलचे, वाचून ये. त्यासोबत एका कागदावर अशा एका माणसाचे नाव लिहून आण, जो तू तीन महिने अंथरुणाला खिळलास तर तुझा कारभार पाहील, आणि ज्याच्या हाती तो देताना तुझा हात थरथरणार नाही. कागद कोरा असेल तरी चालेल. मग आपण वकिलीबद्दलच बोलू.

कळावे.