ड्रायव्हरला आपलं हार्डवेअर सापडतं कसं?

'बूट होताना प्रत्येक ड्रायव्हर आपलं हार्डवेअर शोधत सगळे पोर्ट तपासत बसतो का?' असं तुम्ही विचारलंय. नाही. हुडकण्याचं काम बसचा (म्हणजे डिव्हाइस जोडायच्या सामायिक मार्गाचा) कोड करतो. ड्रायव्हर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, फक्त नाव नोंदवून वाट बघतो. माझा वावर लिनक्समध्ये आहे, म्हणून तिथलं सांगतो.

पीसीआय ही कार्डं वगैरे जोडायची बस. तिच्या एका बसवर ३२ डिव्हाइस आणि प्रत्येकी ८ फंक्शनपर्यंत (एकाच डिव्हाइसमधले स्वतंत्र भाग) जागा असते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकेका जागेची कॉन्फिगरेशन स्पेस (डिव्हाइसची ओळख आणि सेटिंग ठेवलेली जागा) वाचत जातो. पहिले १६ बिट व्हेंडर (उत्पादक) आयडीचे, पुढचे १६ डिव्हाइस आयडीचे. तिथे कोणी नसेल तर सगळे बिट १ येतात. इंटेलचा व्हेंडर आयडी हेक्साडेसिमलमध्ये ८०८६, म्हणजे त्यांच्याच जुन्या प्रोसेसरचं नाव, कुणीतरी हौसेने घेतलेला दिसतो!

ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या आयडींचा तक्ता सोबत आणतो. जोडी जुळली की कर्नल त्याचं 'प्रोब' हे फंक्शन (ड्रायव्हरमधला कोडचा तुकडा) कॉल करतो आणि खरं इनिशियलायझेशन तिथे होतं: डिव्हाइस चालू करणं, रजिस्टर (चिपच्या नियंत्रणाच्या जागा) मॅप करणं, डीएमएची (डिव्हाइसने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याची) तयारी, चिप रीसेट, इंटरप्ट हँडलर (डिव्हाइसने लक्ष वेधल्यावर चालणारा कोड). इथे क्रमाला फार महत्त्व आहे. हँडलर नोंदवला की पुढच्याच क्षणी इंटरप्ट येऊ शकतो, विशेषतः इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसशी शेअर केलेली असेल तर. हँडलर ज्या स्ट्रक्चरला हात लावणार ते तोवर भरलेलं नसेल तर कर्नल कोसळलाच म्हणून समजा. आणि मध्येच काही फसलं तर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करायचं. नवशिक्यांचा कोड वाचताना मी आधी हाच भाग बघतो.

यूएसबी २.० पर्यंत डिव्हाइस एका डेटा लाइनचं व्होल्टेज वर खेचून आपण आल्याचं कळवतं. मग कर्नल त्याला रीसेट करतो, पत्ता देतो आणि डिस्क्रिप्टर (डिव्हाइसने दिलेली स्वतःची माहिती) वाचतो.

आय-स्क्वेअर-सीवर (बोर्डावरच्या छोट्या चिप जोडायच्या बसवर) मात्र 'तू कोण?' असं विचारायची सगळ्या चिप पाळतील अशी सोयच नाही. तिथे काय जोडलंय हे डिव्हाइस ट्री किंवा एसीपीआय (दोन्ही म्हणजे हार्डवेअरचं आधीच लिहून ठेवलेलं वर्णन) कर्नलला आधीच सांगतं. चिपला लागणारा क्लॉक किंवा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) अजून तयार नसेल, तर प्रोब 'नंतर बोलवा' असा एरर कोड देऊन परततो आणि कर्नल पुन्हा प्रयत्न करतो.

तुमचं कार्ड चालत नसेल तर आधी पीसीआय डिव्हाइसची यादी काढा. कार्ड दिसतंय पण ड्रायव्हर लागलेला नाही, तर आयडी आणि मॉड्यूल तपासा. ड्रायव्हर लागलाय तरी चालत नाही, तर कर्नल लॉग वाचा. कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हर बदलत बसू नका. स्लॉट, वीज आणि बायोस सेटिंग बघा.